रवांडाच्या लष्करी अधिकाऱ्यांची अपिलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बागोसोराची जन्मठेप कमी झाली', 'जनरल निर्दोष सुटला' अशा बातम्या आल्या की वाचणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक तर आधीचा निकाल खोटा होता, नाही तर सगळे मिळून त्याला सोडवतायत. निकालपत्रं उघडली की बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसल्याचं दिसतं. म्हणून रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराबद्दल खटले चाललेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या अपिलांवर ही प्रश्नोत्तरं. कायद्याची पदवी नसलेल्या वाचकासाठी लिहिली आहेत. वकिलांना काही ठिकाणी भाषा ढोबळ वाटेल.

हे नेमके कोणते खटले?

६ एप्रिल १९९४ च्या रात्री रवांडाचे राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान किगालीवर पाडलं गेलं. पुढच्या साधारण १०० दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. त्यात बहुतेक अल्पसंख्य तुत्सी समाजाचे होते; हत्यांना विरोध करणारे हुतू, म्हणजे बहुसंख्य समाजाचे लोकही होते. ८ नोव्हेंबर १९९४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ९५५ करून आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण नेमलं. ते बसलं टांझानियात, आरुषा शहरात. एकूण ९३ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात मंत्री होते, पाद्री होते, रेडिओवाले होते आणि गणवेशातले अधिकारी होते. इथे बोलायचंय ते या गणवेशवाल्यांबद्दल.

त्यांचे दोन मोठे खटले 'मिलिटरी वन' आणि 'मिलिटरी टू' या नावांनी ओळखले जातात. पहिल्यात चौघे : संरक्षण मंत्रालयातले कर्नल तेओनेस्त बागोसोरा, गिसेन्यी विभागाचे कमांडर आनातोल न्सेंगियुम्वा, पॅरा-कमांडो बटालियनचे मेजर अलोइस न्ताबाकुझे आणि लष्करी मुख्यालयातले जनरल ग्रातियें काबिलिगी. दुसऱ्यातही चौघे : विमान पडल्यानंतर लष्करप्रमुख झालेले ओगुस्तें बिझिमुंगु, जांदार्मरी म्हणजे निमलष्करी पोलिसांचे प्रमुख ओगुस्तें न्दिंदिलियिमाना, टेहळणी बटालियनचे मेजर न्झुवोनेमेये आणि त्यांच्या हाताखालचे कॅप्टन सागाहुतु. याशिवाय काही अधिकाऱ्यांवर एकेकटे खटले चालले.

अपील कुणाकडे करायचं?

पाच न्यायाधीशांच्या अपील खंडपीठाकडे. युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाचं आणि रवांडाच्या न्यायाधिकरणाचं अपील खंडपीठ एकच होतं, मुक्काम द हेगला. म्हणजे बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या आणि किगालीच्या अपिलांवर त्याच मंडळातले न्यायाधीश बसत, आणि एका खंडातल्या निकालाचा दाखला दुसऱ्या खंडातल्या निकालात सर्रास येई. २०१२ पासून उरलंसुरलं काम 'यंत्रणा' या रुक्ष नावाच्या संस्थेकडे गेलं. न्यायाधिकरणाने ३१ डिसेंबर २०१५ रोजी दार लावून घेतलं.

अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील गेलं की तिथले न्यायमूर्ती सगळा साक्षीपुरावा पुन्हा वाचून स्वतःचं मत बनवू शकतात. आरुषाच्या पद्धतीत तसं नव्हतं. न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाने अपिलाला दोनच दारं ठेवली : निकालच रद्द ठरावा अशी कायद्याची चूक, किंवा न्यायाचा विपर्यास व्हावा अशी तथ्याची चूक. 'मी असतो तर या साक्षीदारावर विश्वास ठेवला नसता' एवढं अपील न्यायाधीशाला वाटणं पुरेसं नाही. कोणत्याही शहाण्या न्यायाधीशाने असा निष्कर्ष काढलाच नसता, इथपर्यंत जावं लागतं. नवा पुरावा आणायचा तर तो खटल्याच्या वेळी का मिळाला नाही, याचा जाब आधी द्यावा लागतो.

फ्रान्समध्ये याच्या अगदी उलट. प्रेसिडेन्शियल गार्डमधला माजी कॅप्टन पास्काल सिंबिकांग्वा याला २०१४ साली पॅरिसमध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. त्याने अपील केलं तेव्हा नवे ज्युरी बसवून, साक्षीदारांना पुन्हा बोलावून अख्खा खटला दुसऱ्यांदा चालला. २०१६ मध्ये शिक्षा तीच राहिली. गुन्हेगारी तीच, दिवस तेच, पण 'अपील' या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो.

बागोसोराची जन्मठेप ३५ वर्षांवर कशी आली?

याचं उत्तर लांब आहे, पण हे कळलं की बाकीची अपिलं आपोआप उलगडतात.

'मिलिटरी वन' २ एप्रिल २००२ ला सुरू झाला आणि २००७ पर्यंत चालला. सुनावणीचे ४०८ दिवस, २४२ साक्षीदार. १८ डिसेंबर २००८ रोजी निकाल लागला : तिघांना जन्मठेप, काबिलिगी निर्दोष. वंशसंहाराचा कट रचल्याच्या आरोपातून मात्र चौघेही सुटले. विमान पडण्याआधीच्या तयाऱ्यांचे पुरावे होते, पण त्या तयाऱ्या रवांडा देशभक्त आघाडी (आरपीएफ) या बंडखोरांशी होऊ घातलेल्या युद्धासाठीही असू शकतात, कट हाच त्यातून निघणारा एकमेव निष्कर्ष नाही, असं खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी म्हटलं. 'वंशसंहार झालाच नाही, असं न्यायालय म्हणालं' असा जो प्रचार काही जण करतात, तो इथूनच उचललेला आहे आणि तो धादांत खोटा आहे. वंशसंहार झाला, याबद्दल त्या निकालपत्रात किंतुही नाही. प्रश्न एवढाच होता की या चौघांनी तो आधी बसून ठरवला, हे सिद्ध झालं का.

मग बागोसोरा दोषी कशासाठी ठरला? ६ ते ९ एप्रिल या दिवसांसाठी. विमानात लष्करप्रमुखही मारला गेला होता. संरक्षणमंत्री कॅमेरूनमध्ये होता. मंत्रालयात सर्वांत वर उरला तो मंत्र्याच्या कार्यालयाचा प्रमुख, म्हणजे बागोसोरा. त्या रात्री अधिकाऱ्यांची आणीबाणी समिती बसली तिचं अध्यक्षपद त्यानेच घेतलं. पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांच्याशी व्यवहार करायला त्याने नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सैनिकांनी त्यांना ठार मारलं. त्यांच्या रक्षणाला असलेले संयुक्त राष्ट्रांचे १० बेल्जियन शांतिसैनिक किगाली कॅम्प या लष्करी छावणीत मारले गेले.

खालच्या न्यायपीठाने म्हटलं : काही गुन्ह्यांचा हुकूम त्यानेच दिला. अपील खंडपीठाने १४ डिसेंबर २०११ रोजी म्हटलं : हुकूम दिला, असं या पुराव्यातून निर्विवाद निघत नाही. पण त्या दिवसांत सैन्य त्याच्या ताब्यात होतं, काय चाललंय हे त्याला कळत होतं आणि त्याने थांबवलं नाही, शिक्षाही केली नाही. ही वरिष्ठ म्हणून जबाबदारी. ती कायम. गिसेन्यीतल्या हत्यांसह काही दोषसिद्धी गळाल्या. बागोसोराने किगाली कॅम्पात फेरी मारली त्याआधीच जे शांतिसैनिक मेले होते त्यांचा दोषही त्याच्यावरून काढला. वंशसंहाराचा दोष राहिला. शिक्षा जन्मठेपेवरून ३५ वर्षं.

'हुकूम दिला' आणि 'थांबवलं नाही' यातला हा फरक लष्करी अधिकाऱ्यांच्या जवळपास प्रत्येक अपिलाच्या मुळाशी आहे. सामान्य माणसाला तो शब्दच्छल वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता. पण कर्नलचा गुन्हा आणि नाक्यावर कोयता घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा गुन्हा एकाच मापाने मोजता येत नाही. कर्नल स्वतः कुणाला मारत नाही. त्याचा हात कुठवर पोचत होता हे मोजायचं, तर हे दोन शब्द वेगळे ठेवावेच लागतात.

न्सेंगियुम्वा तर त्याच दिवशी सुटला. मग तो निर्दोष ठरला का?

नाही, आणि हे नीट वाचा. मुदेंदे विद्यापीठ, न्युंदो चर्च, बिसेसेरो यांबाबतच्या त्याच्या दोषसिद्धी रद्द झाल्या. पण ७ एप्रिलला गिसेन्यी शहरात झालेल्या हत्यांसाठी वरिष्ठ म्हणून तो दोषी राहिला. शिक्षा जन्मठेपेवरून १५ वर्षांवर आली. त्याला २७ मार्च १९९६ ला कॅमेरूनमध्ये पकडलं होतं. म्हणजे निकालाच्या दिवशी त्याची तुरुंगात १५ वर्षं आणि साडेआठ महिने भरली होती. तेव्हा सुटका झाली ती हिशेबाने. फरक मोठा आहे आणि बातम्यांमध्ये तो हमखास हरवतो.

तिसरा, न्ताबाकुझे, त्याच निकालात का नाही?

अपिलाची तोंडी सुनावणी मार्च २०११ च्या अखेरीस आरुषात ठेवली होती. त्याचे प्रमुख वकील आलेच नाहीत. ते अमेरिकन. आदल्या वर्षी किगालीत त्यांना वंशसंहार नाकारल्याच्या आरोपाखाली अटक झाली होती, नंतर सोडलं होतं. खंडपीठाने न्ताबाकुझेचं अपील वेगळं काढलं आणि ८ मे २०१२ रोजी निकाल दिला. त्यालाही जन्मठेपेऐवजी ३५ वर्षं.

त्याच्या प्रकरणातली एक जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे : न्यान्झा टेकडी. किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत बेल्जियन शांतिसैनिकांच्या आधाराने सुमारे २ हजार माणसं आसरा घेऊन होती. ११ एप्रिल १९९४ ला बेल्जियन तुकडी निघून गेली. माणसांना चालवत न्यान्झाला नेलं आणि तिथे मारलं. मारणाऱ्यांत पॅरा-कमांडो होते आणि मिलिशिया, म्हणजे सैन्याबाहेरच्या हत्यारबंद टोळ्याही होत्या. अपिलात मिलिशियाने केलेल्या हत्यांची जबाबदारी मेजरवरून काढली, कारण मिलिशिया त्याच्या हुकमतीत होती हे धरता येईना. त्याच्या स्वतःच्या बटालियनच्या सैनिकांनी जे केलं त्याची जबाबदारी राहिली. टेकडी एक, दिवस एक, मेलेली माणसंही तीच. फक्त गोळी कुणाच्या बंदुकीतून सुटली यावर रेघ ओढली गेली.

दोषारोपपत्राची एवढी चर्चा का?

कारण या अपिलांत अधिकारी जितके पुराव्याच्या उणिवेमुळे सुटले तितकेच कागदाच्या उणिवेमुळे सुटले. आरोपीला आपल्यावर नेमकं काय लावलंय हे आधी कळलं पाहिजे, हा नियम आपल्या गावातल्या चोरीच्या खटल्यातही असतो. वंशसंहाराच्या खटल्यात तो ढिला करून चालत नाही, कारण शिक्षा जन्मठेपेची असते.

मेजर न्झुवोनेमेयेचं पाहा. १७ मे २०११ ला त्याला २० वर्षं झाली, मुख्यतः पंतप्रधानांच्या आणि शांतिसैनिकांच्या हत्येसाठी. ११ फेब्रुवारी २०१४ ला अपिलात तो पूर्ण सुटला. त्यातल्या एका महत्त्वाच्या मुद्द्यावर खंडपीठाचं म्हणणं असं की वरिष्ठ म्हणून जबाबदारीचा हा आरोप दोषारोपपत्रात धड मांडलेलाच नव्हता. तोवर तो माणूस जवळपास १४ वर्षं कोठडीत होता.

इथे माझं मत उघड सांगतो. खटले मंद चालले, न्यायाधीश मऊ होते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझ्या मते मोठा दोष अभियोग पक्षाच्या मसुद्यांचा आहे. सुरुवातीची दोषारोपपत्रं ऐसपैस लिहिली गेली : 'एप्रिल ते जुलैदरम्यान', 'देशभरात', 'इतरांसह'. पुढे साक्षीदार बोलले, नेमक्या तारखा आणि जागा बाहेर आल्या, पण मूळ कागद तसाच. दहा वर्षांनी अपिलात त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती मोजली साक्ष द्यायला आरुषापर्यंत आलेल्या माणसांनी.

जनरल न्दिंदिलियिमाना कसा सुटला? तो तर जांदार्मरीचा प्रमुख होता.

पद होतं, पकड नव्हती. वरिष्ठाला दोषी धरायचं तर 'प्रत्यक्ष नियंत्रण' दाखवावं लागतं. म्हणजे त्या माणसांना रोखण्याची किंवा शिक्षा करण्याची खरीखुरी ताकद. खांद्यावरच्या फिती पुरत नाहीत. युद्धात जांदार्मरीच्या बऱ्याच तुकड्या लष्कराच्या हुकमाखाली गेल्या होत्या. खटल्याच्या न्यायाधीशांनीही त्याने तुत्सींना वाचवल्याची दखल घेऊन, दोषी धरूनसुद्धा कोठडीत काढलेल्या अकरा वर्षांएवढीच शिक्षा दिली होती. अपिलात दोषही गेला.

त्याच खटल्यातल्या सागाहुतुची शिक्षा २० वरून १५ वर्षांवर आली. शांतिसैनिकांबाबतचा दोष टिकला, पंतप्रधानांच्या हत्येचा गेला. लष्करप्रमुख बिझिमुंगुचं अपील वेगळं काढून ३० जून २०१४ ला निकाली निघालं. काही दोषसिद्धी रद्द झाल्या तरी ३० वर्षं कायम.

प्रत्येक अपिलात शिक्षा कमीच होते का?

तसं वाटतं खरं, कारण कमी झाली की बातमी होते. किगालीचा प्रीफेक्ट, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यासारखा प्रशासक, कर्नल थार्सिस रेंझाहो याची जन्मठेप एप्रिल २०११ मध्ये कायम झाली. बुतारेच्या न्गोमा कॅम्पचा लेफ्टनंट हातेगेकिमाना याची २०१२ मध्ये. लेफ्टनंट कर्नल अलोइस सिंबाची २५ वर्षं २००७ मध्ये. दुसरीकडे बुतारेचा कॅप्टन निझेयिमाना २०१४ मध्ये जन्मठेपेवरून ३५ वर्षांवर आला.

अभियोग पक्षही अपील करू शकतो. संरक्षण मंत्रालयातल्या कायदा विभागाचा लेफ्टनंट कर्नल एफ्रेम सेताको याच्या अपिलात तेच झालं. एक दोष गळाला, पण अभियोग पक्षाच्या अपिलामुळे युद्धगुन्ह्याचा एक दोष नव्याने चिकटला. बेरीज-वजाबाकी होऊन २५ वर्षं तशीच. आणि याच खंडपीठाने २००६ साली साराजेव्होच्या वेढ्याबद्दल जनरल स्तानिस्लाव गालिचची २० वर्षांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली, हे अपील करणाऱ्या प्रत्येक वकिलाच्या डोक्यात असेच.

फेरखटल्याचा आदेश कधी झाला का?

झाला, लेफ्टनंट कर्नल थार्सिस मुवुनीच्या प्रकरणात. २००६ मध्ये २५ वर्षांची शिक्षा. २००८ मध्ये अपिलात सगळ्या दोषसिद्धी रद्द, मात्र गिकोरे इथल्या एका भाषणाबाबत खटला नव्याने चालवा, असा आदेश. कारण असं की साक्षीदारांच्या सांगण्यात विसंगती होत्या आणि त्या असूनही विश्वास का ठेवला, हे खालच्या न्यायपीठाने लिहिलंच नव्हतं. २०१० मध्ये फेरखटल्यात चिथावणीबद्दल १५ वर्षं, २०११ मध्ये त्यावरचं अपील फेटाळलं. एका भाषणासाठी दोन खटले आणि दोन अपिलं.

फाशी का नाही?

न्यायाधिकरणाच्या कायद्यात ती शिक्षाच नव्हती. १९९४ मध्ये रवांडा योगायोगाने सुरक्षा परिषदेचा सदस्य होता, आणि ज्या न्यायाधिकरणाची मागणी त्यानेच केली होती त्याच्या स्थापनेच्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिलं. फाशी नसणं हे त्यामागचं एक कारण. रवांडात १९९८ मध्ये २२ जणांना जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या. पुढे २००७ मध्ये तिथेही मृत्युदंड रद्द झाला.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं ना?

हा आपल्याकडचा समज, आणि तो आपल्याकडेही चुकीचाच. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. मात्र ठरावीक वर्षांच्या शिक्षेत दोनतृतीयांश काळ गेला की कैदी मुदतपूर्व सुटकेचा अर्ज करू शकतो, आणि निर्णय यंत्रणेच्या अध्यक्षाचा. ३५ वर्षांचे दोनतृतीयांश म्हणजे २३ वर्षं ४ महिने. म्हणून 'जन्मठेपेऐवजी ३५' हा बदल वाटतो तितका किरकोळ नाही. सिंबाला २०१९ मध्ये अशी सुटका मिळाली तेव्हा रवांडात मोठा संताप झाला. बागोसोराचा अर्ज २०२१ मध्ये नामंजूर झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला तो मालीत कैदेत असतानाच वारला, वय ८०.

अपिलात सुटलेली माणसं कुठे जातात?

बऱ्याच जणांच्या बाबतीत कुठेच नाही, हे दुर्दैवाने अचूक उत्तर आहे. रवांडात परतायची त्यांना भीती, आणि दुसरा देश घेईना. न्झुवोनेमेये, न्सेंगियुम्वा, सागाहुतु, मुवुनी आणि आणखी काही जण वर्षानुवर्षं आरुषातल्या एका घरात राहिले. कुणी निर्दोष ठरलेला, कुणी शिक्षा भोगून झालेला, पण छप्पर एकच. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायजरने त्यांना घेण्याचा करार केला. डिसेंबरच्या सुरुवातीला आठ जण नायजरच्या राजधानीत, निआमेला पोचले. महिना संपायच्या आत नायजर सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला, कागदपत्रं काढून घेतली आणि घरावर पहारा बसवला. यंत्रणेने हुकूम थांबवायला सांगितलं, पण दुसरा देश कुणी पुढे आला नाही. मुवुनी २०२३ मध्ये तिथेच वारला. ज्याला अपील खंडपीठाने निर्दोष सोडलं त्या मेजरला नायजरमध्ये घराबाहेर पडता आलं नाही, ही सुटका कुठल्या अर्थाने, हा प्रश्न मला पडतो. उत्तर देणारं खंडपीठ अस्तित्वात नाही.

अपील संपलं की सगळंच संपलं?

एक झडप उरते : पुनर्विलोकन. खटल्याच्या किंवा अपिलाच्या वेळी माहीत नसलेलं आणि निकाल फिरवू शकेल असं नवं तथ्य सापडलं तर. 'साक्षीदार आता वेगळं बोलतोय' हे कारण बहुधा पुढे येतं, आणि बहुधा टिकत नाही.

प्रेसिडेन्शियल गार्डच्या कमांडरचं नाव या यादीत का नाही?

कारण प्रोते म्पिरान्या कधी सापडलाच नाही. ७ एप्रिलच्या हत्यांत ज्या तुकडीचं नाव पुन्हा पुन्हा येतं, तिचा हा प्रमुख. यंत्रणेचे तपास अधिकारी त्याच्या मागावर होते. मे २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तो २००६ मध्येच झिंबाब्वेत, हरारे इथे मरण पावला आहे. थडग्यावरच्या दगडावर नाव दुसऱ्याचंच कोरलेलं होतं.